खचलेले चित्त आणि धम्माचा दैनंदिन मार्ग

विहारातील वंदना आटोपल्यावर बहुतेक मंडळी घरी जातात. एखादी उपासिका मात्र मागे रेंगाळते. सगळे पांगले म्हणजे ती हळूच विचारते, "घरचा माणूस हल्ली बोलेनासा झाला आहे. कामावर जातो, पण कशातच त्याचे मन नाही. रात्री झोप नाही. त्याला ध्यानाला बसवावे काय?" हा प्रश्न आम्हांस वेगवेगळ्या तोंडून अनेकदा ऐकावयास मिळतो. त्याचे उत्तर घाईने देता येत नाही, आणि टाळताही येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा सविस्तर विचार करण्याचे योजिले आहे.

हा विचार हवेत होऊ नये यासाठी आम्ही एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवीत आहोत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या एमआयडीसीत, टॉवेल व चादरी विणणारे यंत्रमाग चालतात. मागांच्या खडखडाटात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. पाळी दीर्घ, काम उभ्याने, मजुरी नगावर आणि डोक्यावर घेतलेल्या उचलीचे ओझे, असे येथील अनेक कामगारांचे जीवन आहे. त्यांच्या घरांतील अनेक स्त्रिया विड्या वळून संसाराला हातभार लावतात. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा चार भाषा येथे एकाच गल्लीत नांदतात. या माणसांचे मन कसे खचते आणि ते पुन्हा कसे उभे राहू शकते, हे कळले तर धम्म केवळ ग्रंथात नाही, हेही कळेल.

दुःख, शोक आणि नैराश्य

प्रथम तीन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. मजुरी कापली गेली, मुलगा परीक्षेत नापास झाला, घरात भांडण झाले, तर मन उदास होते. ही उदासी दोन-चार दिवसांत ओसरते. हे सामान्य दुःख होय.

जवळचे माणूस गेले म्हणजे जो होतो तो शोक. १८ मे २०२५ रोजी पहाटे याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जणांचा मृत्यू झाला. त्यांत मालकाच्या कुटुंबातील माणसे होती आणि कामगारही होते. लहान मूलही होते. अशा प्रसंगी आप्तांचे, शेजाऱ्यांचे व सोबत काम करणाऱ्यांचे मन महिनोन् महिने व्याकूळ राहिले, तर तो आजार नव्हे. तो प्रेमाचाच एक परिणाम आहे. शोकाला वेळ द्यावा लागतो, आणि माणसे द्यावी लागतात.

नैराश्य, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात, ते याहून निराळे आहे. सतत दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ दिवसभर मन उदास असणे, अथवा पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात काहीच गोडी न उरणे, हे त्याचे मुख्य लक्षण. त्यासोबत झोप उडणे किंवा अति झोप येणे, भूक मंदावणे, अंगात त्राण नसणे, हालचाल व बोलणे मंद होणे किंवा उलट सारखी तगमग होणे, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत किंवा आपणच दोषी आहोत असे वाटत राहणे, आणि मरणाचे विचार येणे, यांतील अनेक लक्षणे एकत्र दिसतात. कामकरी माणसात हे पुष्कळदा 'मन उदास आहे' या शब्दांत बाहेर पडतच नाही. डोके दुखते, अंग दुखते, छाती भरून येते, लहानसहान गोष्टीवरून चिडचिड होते, दारू वाढते, असे त्याचे रूप दिसते. म्हणून घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही.

हा आजार विरळा नाही. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर २० प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य येते, आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचाराविना राहतात. मागांच्या एखाद्या शेडमध्ये २० माणसे काम करीत असतील, तर त्यांतील एक जण या वाटेने गेलेला असू शकतो. शेजारच्या मागावरील माणसास त्याचा पत्ताही नसतो.

हा मागच्या जन्मीचा भोग नव्हे

अशा माणसाच्या वाट्याला सर्वप्रथम औषध येत नाही, अभिप्राय येतो. कोणी म्हणतो, मागच्या जन्मीचे भोग. कोणी म्हणतो, बाहेरचे काही लागले आहे. कोणाकडे तरी दाखवा. कोणी म्हणतो, मनाने दुबळा आहे. या तिन्ही अभिप्रायांना धम्मात थारा नाही.

संयुत्त निकायाच्या वेदना संयुत्तात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाची हकिकत आहे. माणसाला जे जे सुख वा दुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणत. त्याविषयी त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी हे मत सरळ नाकारले. पित्त, कफ, वायू, या तिघांचा प्रकोप, ऋतूतील बदल, शरीराची अयोग्य निगा, बाहेरून झालेला आघात अशी कारणे त्यांनी एकेक करून सांगितली आणि कर्माला त्या यादीत केवळ एक स्थान दिले. जे अनुभवाने कळते आणि जगालाही ठाऊक आहे ते सोडून सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणे चूक आहे, असा या उपदेशाचा आशय आहे.

पित्त, कफ, वायू ही त्या काळच्या वैद्यकाची भाषा झाली. आजचे वैद्यक मेंदूतील बदल, आनुवंशिकता, थायरॉईडचा विकार, रक्तक्षय, बाळंतपणानंतरचे शारीरिक बदल, दारू अशी कारणे सांगते. ऋतू आणि निगा यांच्या जागी आपण रात्रपाळी, मोडलेली झोप व अपुरे अन्न ठेवू शकतो. बाहेरचा आघात म्हणजे काय, हे तर आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. जातीवरून झालेला अपमान, कर्जाचा तगादा, अचानक गेलेले काम, घरात होणारी मारहाण हे सर्व आघातच होत. म्हणजे नैराश्याची कारणे शरीरात असतात, मनात असतात, आणि समाजातही असतात. ज्याचे मन खचले आहे त्यालाच दोष देणे म्हणजे या साऱ्या कारणांवर पडदा टाकणे होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात जे प्रश्न उभे केले, त्यांत एक प्रश्न नेमका हाच होता. जीवन दुःखमय, मरण दुःखमय, पुनर्जन्मही दुःखमय असे म्हटले तर माणसाला आशा उरत नाही. मग ही बुद्धांची मूळ शिकवण असू शकेल काय? बाबासाहेबांच्या प्रतिपादनात धम्माचा हेतू दुःखाचा गौरव हा नसून दुःखाचे निवारण हा आहे. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतालाही त्यांनी त्या ग्रंथात ठाम नकार दिला आहे. तेव्हा नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला 'जीवन दुःखमयच आहे, सोस' असे सांगणारा उपासक नकळत धम्माच्या विरुद्ध बोलत असतो.

मन खचणे म्हणजे दुबळेपणा, हा समजही बाबासाहेबांच्या चरित्राने खोटा ठरतो. त्यांची व माता रमाईंची चार अपत्ये बालपणीच गेली. १९२६ साली लहानगा राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रातून त्यांचे मन किती मोडून गेले होते ते दिसते. दुःख त्यांनी लपविले नाही. ते आपल्या माणसाला लिहून कळविले. एवढ्या कणखर पुरुषाला जे लाजिरवाणे वाटले नाही, ते आपण लाजिरवाणे का मानावे? अंगुत्तर निकायात तथागतांनी कायिक व मानसिक असे रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत. कायिक रोगाशिवाय वर्षानुवर्षे जगलो असे म्हणणारे लोक आढळतात. परंतु ज्यांचे आस्रव क्षीण झाले आहेत त्यांच्याखेरीज क्षणभरही मानसिक रोगापासून मुक्त असणारा विरळाच, असे ते म्हणतात. मनाचा आजार हा अपवाद नाही, हे यातून स्पष्ट होते.

दोन बाण

आता मन कसे चालते ते पाहू. वेदना संयुत्तातच सल्ल सुत्त आहे. एखाद्यास बाण लागावा आणि त्याच वेळी दुसराही बाण लागावा, अशी उपमा तेथे दिली आहे. पहिला बाण म्हणजे शरीराला झालेली वेदना. दुसरा बाण म्हणजे त्या वेदनेवर मनाने केलेला आक्रोश. अशिक्षित मनाला दोन्ही बाण लागतात. शिक्षित मनाला पहिलाच लागतो.

ही उपमा मागावर आणून पाहू. एका कामगाराची बीम चालू असताना ताण्याचे धागे वारंवार तुटतात, माग थांबतो, दिवसाची मजुरी कमी पडते. हा पहिला बाण. तो खरा आहे, आणि त्याला वेदना होणे रास्त आहे. मग घरी परतताना मनात सुरू होते: "आजच नाही, नेहमीच असे होते. माझ्याच हाताला यश नाही. पोरांचे काही खरे नाही. मी नसतो तर बरे झाले असते." एका दिवसाच्या तोट्यापासून आरंभ झालेला विचार अर्ध्या तासात साऱ्या आयुष्याच्या निकालापर्यंत येऊन पोहोचतो. हा दुसरा बाण. निरोगी मनात तो थोडा वेळ टोचतो. नैराश्यात मात्र मन तोच बाण पुन्हा पुन्हा उपसते आणि पुन्हा पुन्हा मारून घेते.

यावर सतिपट्ठान सुत्तातील चित्तानुपस्सना उपयोगी पडते. तीत चित्ताशी भांडावयास सांगितलेले नाही. चित्त सराग असेल तर सराग आहे, आक्रसलेले असेल तर आक्रसलेले आहे, विखुरलेले असेल तर विखुरलेले आहे, असे केवळ जाणावयास सांगितले आहे. 'मी कुचकामी आहे' असे म्हणणे निराळे, आणि 'मी कुचकामी आहे असा विचार या घटकेला मनात आला आहे' असे म्हणणे निराळे. पहिल्या वाक्यात माणूस विचारात बुडालेला आहे. दुसऱ्यात तो काठावर उभा राहून पाहतो आहे. हा भेद लहान दिसतो, पण दुसरा बाण येथेच अडतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन बाणांचा उपदेश 'पहिला बाण सोसत राहा' असे सांगत नाही. मजुरी अन्यायाने कापली गेली असेल तर त्याविरुद्ध दाद मागणे, संघटित होणे हे पहिला बाण उपसणे आहे. दुसरा बाण आवरला तर पहिला उपसावयास हात मोकळे राहतात, एवढेच त्याचे म्हणणे.

मंद विस्तवावर ओले गवत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खचलेल्या माणसाला डोळे मिटून ध्यानाला बसवावे काय?

याचे उत्तर संयुत्त निकायाच्या बोज्झंग संयुत्तात, अग्गि सुत्तात मिळते. तथागत म्हणतात की, ज्या वेळी चित्त लीन, म्हणजे मंद व खचलेले असते, ती वेळ प्रश्रब्धी, समाधी व उपेक्षा या बोध्यंगांची नव्हे. चुलीतला विस्तव विझत आला असता त्यावर ओले गवत, ओल्या गोवऱ्या व ओली लाकडे घालणाऱ्या माणसासारखे ते होईल. अशा चित्ताला धम्मविचय, वीर्य आणि प्रीती यांची गरज असते. म्हणजे विस्तवावर वाळलेले गवत, वाळलेल्या गोवऱ्या, वाळकी लाकडे घालून फुंकर मारणे. याउलट चित्त उसळलेले असेल तेव्हा शांतीची बोध्यंगे योग्य. स्मृती मात्र सर्वकाळ हितकारक.

या उपदेशाचे मोल फार मोठे आहे. मन शांत करणे म्हणजेच धम्म, असा आपला सरसकट समज झाला आहे. परंतु नैराश्यातील मन शांत नसते. ते विझत चाललेले असते. त्याला एकांतात, अंधारात, मौनात बसविले तर दुसरा बाण सोडण्यास त्याला मोकळे रानच मिळते. म्हणून उत्तर असे: खचलेल्या मनाला आधी बसवू नये, हलकेच उठवावे, आणि एकट्याने उठ म्हणू नये, सोबत घेऊन उठवावे.

आधुनिक संशोधनही याच दिशेने गेले आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर झालेला एक अभ्यास वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट' मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत मदत केली. तीत मुख्य भर होता लहान लहान हितकारक कृती पुन्हा सुरू करण्यावर. तीन महिन्यांनंतर अशी मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वीर्य म्हणजे पर्वत उचलणे नव्हे, हे यावरून समजावे.

यामागील कारण असे. मन खचले की माणूस कृती सोडतो. कृती सोडली की आनंदाचे व यशाचे लहानसहान प्रसंग बंद होतात. ते बंद झाले की मन आणखी खचते. हे चक्र मनाच्या बाजूने तोडणे कठीण असते, कारण 'उत्साह आला म्हणजे करीन' असे म्हणणाऱ्या रुग्णाला उत्साह येतच नाही. कृतीच्या बाजूने ते तोडता येते. आधी कृती, मागून उत्साह, असा येथे क्रम आहे.

रोजच्या जीवनात काय करावे

अंगुत्तर निकायात मोग्गल्लान स्थविरांना बसल्या जागी पेंग येत असता तथागतांनी सांगितलेले उपाय आहेत. तो प्रसंग झोपेच्या गुंगीचा आहे, नैराश्याचा नव्हे. तथापि उपायांची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. ऐकलेला धम्म आठवावा, तो मोठ्याने म्हणावा, कान ओढावे, अंग चोळावे, उठून डोळ्यांवर पाणी मारावे, दिशांकडे व ताऱ्यांकडे पाहावे, प्रकाशाकडे मन लावावे, चंक्रमण करावे, आणि तरीही जमले नाही तर स्मृती ठेवून निजावे. हे उपाय किती साधे, किती शरीराशी निगडित आहेत! एक साधला नाही तर दुसरा, आणि शेवटी विश्रांतीचीही मुभा. कोठेही धिक्कार नाही.

त्याच रीतीने आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, उठण्याची वेळ ठरवावी. दिवसपाळी असो वा रात्रपाळी, झोपण्याची व उठण्याची वेळ शक्य तितकी एकच ठेवावी. रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा खोलीत अंधार करून झोप पुरी करावी, आणि उठल्यावर उजेडात यावे.

दुसरी, रोज काही वेळ चालावे. प्रारंभी दहा मिनिटे पुरेत. चालताना पावलांकडे लक्ष ठेवावे. बसून ध्यान करण्यापेक्षा खचलेल्या माणसाला चंक्रमण अधिक मानवते.

तिसरी, आदल्या रात्री दुसऱ्या दिवसासाठी दोनच लहान कामे ठरवावीत: एक गरजेचे, एक आवडीचे. पाण्याची टाकी धुणे आणि मित्राकडे चहाला जाणे, इतके साधे. झाले तर वहीत खूण करावी. न झाले तर ते काम अर्धे करून पुन्हा ठरवावे. वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि फार सैलही सोडू नयेत, असे तथागतांनी सोण स्थविरांना सांगितले होते. सोलापूरच्या विणकराला यासाठी वीणेची उपमाही नको. ताणा जास्त ताणला तर तुटतो, सैल सोडला तर गुंततो, हे त्याचे हात रोज सांगतात.

चौथी, दारू टाळावी. पाचवे शील येथे केवळ नीतीचा नियम राहत नाही. तो उपचाराचा भाग होतो. दारूने काही तास विसर पडतो, पण झोप बिघडते व नैराश्य वाढते.

पाचवी, रोज एका तरी माणसाशी प्रत्यक्ष बोलावे. काय वाटते ते सांगता आले तर उत्तम; न आल्यास नुसते शेजारी बसावे.

मग ध्यानाचे काय? ध्यानाला जागा आहे, पण ती वेळ पाहून. मन थोडे सावरल्यावर पाच-दहा मिनिटे आनापान करावे, मैत्री भावना करावी आणि मैत्रीचा आरंभ स्वतःपासून करावा. वारंवार नैराश्य येऊन गेलेल्यांना ते पुन्हा येऊ नये यासाठी स्मृतीचा अभ्यास लाभदायक ठरतो, हे पाश्चात्त्य देशांत २००० सालापासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. परंतु तीव्र नैराश्य चालू असताना दीर्घ मौनाच्या शिबिरास जाण्याची घाई करू नये. जावयाचेच असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि शिबिराच्या आचार्यांना आजार स्पष्ट सांगावा.

सोबत कशी द्यावी

अंगुत्तर निकायात नकुलपिता व नकुलमाता या गृहस्थ दांपत्याची कथा आहे. नकुलपिता अतिशय आजारी पडला. त्याला चिंता लागली होती की आपल्यामागे घराचे कसे होईल. नकुलमातेने त्याला 'काळजी करू नका' एवढेच म्हणून सोडले नाही. त्याच्या मनातील एकेक भीती तिने ओळखली आणि एकेकीला उत्तर दिले. तिचे पहिलेच उत्तर असे की, कापूस कातण्यात व लोकर पिंजण्यात मी कुशल आहे. मुलांचे पोषण मी करीन, घर चालवीन. ते ऐकून त्याचे मन स्थिर झाले व आजार ओसरला. पुढे तो काठी टेकीत तथागतांकडे गेला, तेव्हा तथागतांनी नकुलमातेची मोठी प्रशंसा केली.

सुताच्या गावात राहणाऱ्या आपल्या भगिनींना ही उपासिका परकी वाटणार नाही. कोरडा धीर आणि खरा आधार यांतील भेद तिने दाखविला. घरच्यांनी हेच करावे. 'हिंमत धर', 'इतरांचे बघ', 'तुला काय कमी आहे' ही वाक्ये टाळावीत, कारण ती रुग्णाच्या दोषभावनेत भर घालतात. त्याऐवजी 'कशाची भीती वाटते?' असे विचारावे, मध्ये न बोलता ऐकावे, आणि त्या भीतीपैकी जी उचलता येईल ती उचलावी. उचलीचा हिशेब सोबत बसून मांडावा. दवाखान्यात सोबत जावे. चालावयास सोबत निघावे. आणि हे सर्व करणाऱ्या स्त्रीचेही मन थकते, हे घरातील पुरुषांनी ध्यानात ठेवावे. दिवसभर विड्या वळून रात्री आजारी माणसाची उस्तवार करणारीला कोण विचारते? नैराश्य पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

विहाराचेही कर्तव्य आहे. धम्मपद अट्ठकथेत आळवी नगरीतील विणकराच्या मुलीची कथा येते. तथागत नगरीत आले, भोजन झाले, लोक उपदेशाची वाट पाहत बसले. परंतु तथागत मौन राहिले, कारण ती मुलगी अद्याप आली नव्हती. वडिलांच्या मागासाठी कांड्या भरण्याचे काम तिच्याकडे होते. ते उरकून, कांड्यांची टोपली घेऊन ती जाता जाता सभेच्या कडेला आली, तेव्हा कोठे तथागत बोलू लागले. पुढे त्याच दिवशी मागाचा आघात होऊन ती मुलगी मरण पावली, आणि शोकाने व्याकूळ झालेला तिचा पिता तथागतांकडेच आला. त्यांनी त्याला धीर दिला.

कामकरी मुलीचे काम उरकेपर्यंत बुद्ध थांबतात, मग आपले विहार का थांबू नयेत? ज्यांची पाळी रात्री दहाला संपते त्यांच्यासाठी विहाराचे दार केव्हा उघडे असते? महिन्यातून एकदा पाळीच्या सोयीने बैठक घ्यावी, तेथे प्रवचन थोडे व ऐकणे अधिक असावे, आणि गैरहजर राहू लागलेल्या माणसाच्या घरी दोघांनी जाऊन यावे. एवढे तरी प्रत्येक विहाराला करता येईल.

औषधाविषयी

काही धम्मबांधव विचारतात, धम्म असताना गोळ्या कशाला? विनयपिटकात तथागतांनी भिक्षूंच्या चार गरजांत औषधाला स्थान दिले आहे. जीवक वैद्याकडून त्यांनी स्वतः उपचार करून घेतले. मलमूत्रात पडून राहिलेल्या एका आजारी भिक्षूला कोणी पाहत नाही असे आढळल्यावर त्यांनी आनंदांसह त्याला स्वहस्ते धुतले, खाटेवर निजविले, आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी असे संघाला बजावले. तेव्हा औषध घेणे हे श्रद्धेतील उणे नव्हे.

नैराश्यावरील गोळ्यांचा गुण बहुधा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. दोन दिवसांत काही वाटले नाही म्हणून त्या टाकू नयेत. बरे वाटल्यावरही सामान्यतः निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, आणि डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नयेत. थायरॉईड व रक्ताच्या तपासण्याही करून घ्याव्यात. सोलापुरात श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात, मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. हा हक्क मागावयाचा आहे; उपकार म्हणून नव्हे.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. असा संशय आल्यास त्या माणसाला सरळ विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते काय?" विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट सांगावयास वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, घातक वस्तू व कीटकनाशके घरातून दूर करावीत, आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. मराठीप्रमाणेच तेलुगू, कन्नड व उर्दूतही तेथे बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस गुन्हेगार नसून तीव्र मानसिक ताणाखाली होता असे २०१७ चा कायदा मानतो, आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार लपवू नयेत.

विहारात मागे रेंगाळणाऱ्या त्या भगिनीस आमचे सांगणे एवढेच: आज त्यांना ध्यानाला बसवू नका. संध्याकाळी पाळी सुटल्यावर गेटपाशी जा, आणि घरापर्यंत त्यांच्यासोबत चालत या. ते बोलले तर ऐका. न बोलले तरी चालत राहा. उद्या दोघे मिळून दवाखान्यात जा. परवा पुन्हा चाला. आणि पुढच्या वंदनेला त्यांना घेऊन या. यावयास उशीर झाला तरी चालेल, आम्ही थांबू.